इंजिन दोन मिनिटं चालू ठेव

आमच्या शेजारचे अण्णा भाटकर जुनी गाडी बघायला गेले, की आधी गाडीला हात लावतात आणि मग मालकाला नमस्कार करतात. हात म्हणजे तळहात नव्हे. तापलेल्या मुलाच्या कपाळाला आई लावते तसा उलटा हात ते बॉनेटवर टेकवतात. बॉनेट कोमट लागलं, की अण्णा तिथूनच मागे वळतात. "सकाळी चालू करून ठेवलीय. गरम इंजिन गोड बोलतं. आपण उद्या येऊ." मालक दारात उभा, त्याचा चहा गॅसवर, आणि अण्णा रस्त्यावर रिक्षा शोधतायत, असं मी स्वतः पाहिलंय.

गाडी थंड मिळाली तर पिशवीतून हातभर लांबीची सागवानी काठी निघते. तिचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटलेले. "गप ऱ्हावा," एवढंच म्हणायचं. एका मालकाचा कुत्रा भुंकायचा थांबेना, तेव्हा अण्णांनी त्याला मागच्या दारी बांधायला लावलं. मालक बोलायचा थांबेना, तेव्हा त्यालाही तिकडेच पाठवलं. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासेमारीच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. खोल समुद्रात इंजिन बंद पडलं तर काय होतं हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे या बाबतीत ते कुणाची भीड ठेवत नाहीत.

आमच्या आळीत जुनी गाडी घ्यायची तर अण्णांना न्यायचं, ही रीतच आहे. अडचण एकच. अण्णा कुणालाही "घे" म्हणत नाहीत. ऐकून झालं, की काठी पुसून पिशवीत जाते आणि ठरलेलं वाक्य येतं. "अजून एकदा बगूया." साळवी सरांनी त्यांना एकाच गाडीसाठी पाच वेळा नेलं. सहाव्या वेळी अण्णा तापाने झोपून होते, ती संधी साधून सरांनी गाडी घेऊन टाकली.

संध्याकाळी अण्णा पडवीत बसतात. त्यांनी ऐकलेल्या गाड्या समोरून जातात, प्रत्येकजण आठवणीने हॉर्न वाजवतो, हात करतो. अण्णाही हात करतात, आणि गाडी वळली की कुंपणावरून मला निदान सांगतात. "सरांचा क्लच चाललाय गो." काकूंना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी डोंबिवलीला असते. हे ऐकायला त्यांच्या घरात दुसरं कुणी नाही.

माझी मारुती मंदिराजवळ रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे. वय सेहेचाळीस. आयुष्यभर मी शहाण्यासारख्या वस्तू घेतल्या. मळखाऊ पडदे, टिकाऊ चपला, चांगलं मायलेज देणारी पांढरी गाडी. आणि एके दिवशी मासळी बाजाराबाहेर मला ती निळी गाडी दिसली. जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, मागे करवंटीएवढा धुराचा नळ, टायर रुंद. काचेवर चिठ्ठी होती, 'विकणे आहे'. मालकाने ती चालू केली, थोडी दामटली आणि पाय काढला, तेव्हा इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोने फुस्सकन असा काही श्वास सोडला, की माझ्या हातातली सुरमई मी विसरूनच गेले. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "रक्त तपासणाऱ्या बाईला ही गाडी कशाला?" मला ती हवी होती, एवढं पक्कं होतं. अशी हवीशी वाटलेली शेवटची वस्तू कुठली, तेही मला आठवेना.

मालकाचं नाव नौशाद. जयगडच्या बंदरात क्रेनवर होता, आता कतारला नोकरी लागली म्हणून गाडी विकत होता. मी अण्णांना घेऊन सकाळी सातलाच जयगडला त्याच्या दारात हजर झाले. बॉनेट थंड होतं. अण्णांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ काठी लावली. मग उठून नौशादला विचारलं, "एवढं सगळं बदललंस, मूळ सामान खंय टाकलंस?"

नौशाद माळ्यावर चढला. गोणपाटात बांधलेली एकेक वस्तू खाली आली. कंपनीचा सायलेन्सर, मूळ स्प्रिंगा, हवेची पेटी. प्रत्येकीला सुतळीने चिठ्ठी बांधलेली, बोल्टसुद्धा वेगळ्या डब्यात. अण्णा त्या पसाऱ्यासमोर उकिडवे बसले आणि एकेक चिठ्ठी वाचत गेले.

निघताना मला म्हणाले, "ही टर्बोची गाडी. पळून आली की लगेच चावी फिरवायची नाय. दोन मिनिटं उभ्या जागी चालू ठेवायची. आत खूप तापलेलं असतं, ता हळूहळू निवू द्यायचं. एकदम बंद केलीस तर आतल्या आत जळतं."

"म्हणजे घेऊ?"

"अजून एकदा बगूया."

दुसऱ्या खेपेला आम्ही चढावर गाडी पळवून पाहिली. गाडीच्या आरसी बुकात बदलांची नोंद नव्हती, विमावाला नखरे करणार हे उघड होतं. मोठा नळ आणि बुटक्या स्प्रिंगा काढून मूळ सामान बसवून द्यायचं नौशादने लगेच कबूल केलं. त्याच्या आईने आम्हाला सांदणं खाऊ घातली. परतताना अण्णांनी मालगुंडला चहासाठी थांबायला लावलं, एका लाँचची अख्खी कथा सांगितली, खूप हसले. आळीच्या तोंडाशी आल्यावर मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच वाक्य.

आणि गुरुवारी नौशादचा फोन. तो पुढच्या बुधवारी निघणार होता, आणि चिपळूणचा एकजण गाडी उचलायला तयार होता. माझा पारा चढला. साळवी सरांसारखी मी काही कुणाच्या तापाची वाट बघणार नव्हते. अण्णांना न सांगता लॅब मदतनीस मुलीवर सोपवली आणि एकटीच जयगड गाठलं.

मी सरळ म्हटलं, "चिपळूणवाल्याला नाही सांग. मी घेते."

नौशाद गोंधळला. "त्याला नाहीच सांगितलंय, मॅडम. अण्णांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, गाडी हिलाच द्यायची, दुसऱ्याला दाखवू नकोस. ज्या पोराने बोल्टसुद्धा टाकले नाहीत, त्याने इंजिनाला त्रास दिलेला नसणार, म्हणाले. मी फोन केला तो फक्त माझी तारीख सांगायला."

"मग दुसऱ्यांदा कशाला आलो आम्ही?"

नौशादने आईकडे पाहिलं. ती हसली. "मी विचारलं त्यांना. म्हणाले, एकदा गाडी घेतली की मला कोण फिरवतंय? तुमची सांदणं आवडली, अजून एकदा येऊ दे."

मी ओट्यावर बसले. पाच वेळा नेलेले साळवी सर आठवले. रोज संध्याकाळी पडवीसमोरून हॉर्न वाजवत जाणाऱ्या गाड्या आठवल्या. त्यांतली एकही कधी थांबलेली मी पाहिली नव्हती. हॉर्न वाजवणाऱ्यांत मीही होतेच, आणि मला माझी लाज वाटली. नौशादला म्हटलं, "व्यवहार रविवारी करू. आम्ही दोघं येतो."

परत आले तर अण्णा फाटकातच उभे.

"पट्टा ओरडतोय तुझ्या गाडीचा. लांब जाऊन आलीस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घे गो ती. गाडी चांगली हाय. मी उगाच लांबवलं."

सगळ्या आळीने ज्या शब्दाची वाट पाहिली तो मला मिळाला, आणि मला तो मुळीच नको होता. त्यांचा पडलेला चेहरा बघवेना.

"नाही अण्णा," मी म्हटलं. "मला अजून खात्री वाटत नाही. अजून एकदा बघूया. रविवारी सकाळी."

अण्णांनी आता माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या बाईला फोन करून सांग हां. दोघं येतोय म्हणून."

गाडी आता माझी आहे. आवाज सभ्य झालाय, उंचीही माणसात आलीय, पण टर्बो जागच्या जागी आहे आणि तो श्वास सोडतो तेव्हा मला अजून तेवढंच बरं वाटतं. माझं घर अण्णांच्या फाटकापासून वीस पावलांवर. इंजिन निवायला दोन मिनिटं माझ्या अंगणातही देता येतील. पण मी गाडी त्यांच्या फाटकाशी उभी करते आणि चालू ठेवते. अण्णा काठी घेऊन बाहेर येतात. ऐकतात. मग लाँचच्या कथा निघतात.

परवा मी चावी फिरवायला हात पुढे केला, तर अण्णांनी काठी न लावताच सांगितलं, "थांब. अजून तापलेली हाय."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर घेऊन आले होते. इंजिन धड गरमही झालं नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला कळणार?

"हो, अण्णा. खूपच तापलीय," मी म्हटलं आणि हात मागे घेतला.