दीक्षाच्या गळ्यातली घंटा

"ताई, ही मेंढराची घंटा हाय. लेकराच्या गळ्यात बांदू नका. मेंढरं मागं लागत्यात." मंगळवार बाजारात जुनं सामान मांडून बसलेल्या गुरम्मानं धम्मप्रियाला बजावून सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तर हातात दिलेली घंटा परत ओढून घेत.

"मावशी, आम्ही जुळे सोलापुरात राहतो, तिसऱ्या मजल्यावर," धम्मप्रिया हसली. "तिथं पाणी चढत नाही, मेंढरं कुठली चढतायत?"

घंटेमागे कारण होतं. महिन्यापूर्वी एका लग्नात तिची पाच वर्षांची दीक्षा चार मिनिटं हरवली होती. सापडली तेव्हा ती नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे बसून शांतपणे जिलेबी खात होती. पण ती चार मिनिटं धम्मप्रियाच्या पोटातून काही केल्या जाईनात. मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींची धास्ती तिला मुळातच होती. तिनं विचार केला: जीपीएसच्या घड्याळाला रेंज लागते, मोबाइलला चार्जिंग लागतं, घंटेला काय लागतं? पोरगी हलली की वाजते. आणि दीक्षा झोपेतसुद्धा हलायची.

"मुलगी आहे का आइस्क्रीमची गाडी?" तिचा नवरा दिपक एवढंच म्हणाला. तो नववीच्या वर्गाला भूगोल शिकवायचा. वर्गात त्याचं कुणी ऐकत नसे, घरात तरी कोण ऐकणार?

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दिपकनं दुर्बीण काढली आणि तिघं बार्शी रस्त्यानं माळढोकाच्या अभयारण्यात चालायला गेले. फाटकावर वनरक्षक संगप्पा होता. त्यानं नियम सांगितले: पायवाट सोडायची नाही, ओरडायचं नाही, कचरा टाकायचा नाही. मग त्याची नजर दीक्षाच्या गळ्याकडे गेली.

"मॅडम, हे काय?"

"सुरक्षा."

"पक्षी उडतील की हो! नऊ वर्षं ड्युटी करतोय, माळढोक मला दोनदाच दिसलाय. आता हिच्यामुळं तिसऱ्यांदा दिसायचा नाही."

धम्मप्रियानं निमूटपणे घंटेत रुमाल कोंबला.

माळ सुरेख होता. कमरेएवढं पिवळं गवत, मध्येच एखादी बोर, लांबवर लिंबाची रांग. दिपक दुर्बीण लावून पुढे. मागे धम्मप्रिया, पाठीवर पाण्याच्या तीन बाटल्या, मलम, चिमटा, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मध्ये दीक्षा. अडचण एकच होती. जे गवत दिपकच्या कमरेला लागत होतं, ते दीक्षाच्या डोक्यावरून जात होतं. पहिल्या वळणालाच पोरगी दिसेनाशी झाली.

"दीक्षा!"

"ओ!"

"कुठं आहेस?"

"गवतात!"

पोटातली ती चार मिनिटं पुन्हा जागी झाली. धम्मप्रियानं लेकीला चाचपडत शोधून काढलं, इकडेतिकडे पाहिलं, संगप्पा लांब आहे याची खात्री केली आणि घंटेतला रुमाल काढून पिशवीत टाकला.

टण्, टण्, टण्. तिचा जीव भांड्यात पडला.

पाऊण तास छान गेला. मग घंटेच्या आवाजामागे आणखी एक आवाज यायला लागला. खसफस, खसफस. दिपक थबकला. त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि कुजबुजला, "हलू नकोस. मोठं काहीतरी येतंय. काळविटांचा कळप असणार."

"दीक्षा कुठंय?"

"त्याच्याच पुढं आहे वाटतं."

गवत दुभंगलं आणि टणटण करत दीक्षा बाहेर आली. तिच्यामागे मेंढरं. चार-पाच नाही. दुर्बीण लावूनही मोजता येऊ नयेत इतकी.

"आई, हे सगळे माझे!" दीक्षा म्हणाली.

धम्मप्रियानं धावत जाऊन पोरीला उचललं आणि पळत सुटली. ती पळाली तशी घंटा जोरात वाजली. घंटा जोरात वाजली तशी मेंढरं पळाली. ती दमून थांबली, मेंढरंही थांबली. ती एक पाऊल मागे सरली, सगळा कळप एक पाऊल पुढे आला. दीक्षा तर टाळ्याच पिटायला लागली.

"अहो, बघत काय उभे राहिलात?"

"मला वाटलं ती तुला ओळखतात."

तेवढ्यात डोक्याला मुंडासं बांधलेला एक मेंढका हद्दीवरचा चर ओलांडून धापा टाकत आला. "ओ बाई! माझी मेंढरं कुटं निगालीत?"

हा ज्ञानबा, सांगोल्याकडचा. अभयारण्याबाहेरच्या पडीक रानात त्याचा कळप चरत होता. गेल्या आठवड्यात त्यानं कळपाच्या पुढं चालणारा जुना बोकड बाजारात विकला होता, गळ्यातल्या घंटेसकट. "तवापास्नं सगळी बावचळल्याली. म्होरं कोण चालायचं त्येच कळंना. आन् आज आवाज आला म्हनून समदी चरात उड्या टाकून हिकडं! बगू ती घंटा." त्यानं घंटा उलटसुलट केली. "आरं तिच्या! हीच की ओ! ही चीर बगा. तुमाला कुणी दिली?"

धम्मप्रियाला गुरम्मा आठवली. तिनं ते नाव गिळून टाकलं.

मग संगप्पा आला, काठी आणि वही घेऊन. अभयारण्यात चराई बंद. त्यानं कळपाकडे पाहिलं, घंटेकडे पाहिलं आणि वही उघडली. "मेंढरं कुणाची?"

"माझी!" दीक्षानं हात वर केला.

"नाव, वय?"

"अहो, काय लिहिताय?" धम्मप्रिया ओरडली. "पाच वर्षांची आहे ती!"

"मॅडम, मेंढरं ज्याच्या मागं, नाव त्याचं. अर्ध्या तासात साहेबांची गाडी येणार राऊंडला. तोवर एक जरी मेंढरू आत दिसलं तर मला लिहावंच लागणार. कळप कोंडवाड्यात."

ज्ञानबा मटकन खालीच बसला. "साहेब, त्यात दोन गाभण हाईत. कोंडवाड्यात काय जगतेत व्हय त्या?" मग त्यानं धम्मप्रियाकडे पाहिलं. रागानं नाही. तेच जास्त लागलं. रुमाल पिशवीत होता, आणि तो कुणी काढला हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"घंटा काढून टाका," दिपकनं सुचवलं.

"आन् मग?" ज्ञानबा म्हणाला. "थांबतेत आन् चरत बसतेत. चार दिशांना चार. वाजवतच भाईर काढाया पायजेत. मी मागं राहतो, रेंगाळल्याली हाकाया. म्होरं कुणीतरी चाला."

आता दीक्षाचे पाय दुखायला लागले होते. धम्मप्रियाच्या कडेवर पोरगी आणि पाठीवर तीन बाटल्या. संगप्पाला सरकारी नोकरी होती. राहिला दिपक.

"मी नाही हं. माझे विद्यार्थी इथं येतात फिरायला."

"अहो, गाभण आहेत दोन!"

दिपकनं मान खाली घातली. धम्मप्रियानं त्याच्या गळ्यात घंटा बांधली. पहिली पाच पावलं तो लाजत चालला. सहाव्या पावलाला त्यानं मागे वळून पाहिलं. सगळी मेंढरं रांगेत. कुणी गप्पा मारत नव्हतं, कुणी बाकावर डोकं ठेवून झोपलं नव्हतं. तो डावीकडे वळला, सगळी डावीकडे वळली. त्याची मान हळूहळू वर आली.

"आई, केवढा मोठ्ठा पक्षी!" मागून दीक्षा ओरडली.

"हो बाळा, नीट धर, पडशील," धम्मप्रिया म्हणाली. संगप्पा मेंढरं मोजत होता. दुर्बीण दिपकच्या पाठीवर लोंबत होती.

साहेबांची गाडी धुरळा उडवत आली तेव्हा शेवटची मेंढी फाटकाबाहेर पाऊल टाकत होती. संगप्पानं वही मिटली. ज्ञानबानं हात जोडले. धम्मप्रियाला वाटलं, संपलं एकदाचं. तिनं घंटा ज्ञानबाच्या हातात दिली, त्यानं ती एका तरण्या बोकडाच्या गळ्यात बांधली. बोकडानं एकदा मान हलवली, स्वतःच्याच आवाजाला दचकला आणि चारी पाय रोवून उभा राहिला. ओढला तरी हलेना.

"नवा हाय. दोन दिस कुणीतरी संगं चाललं की शिकतंय," ज्ञानबा म्हणाला. मग हळूच दिपककडे बघून, "सर लई झ्याक चालत्यात. मालकीण म्होरं गेलीया घोडी घिऊन, बिऱ्हाड लावाया. तितवर आलं तरी बास."

"किती लांब आहे?" धम्मप्रियानं विचारलं.

"हे काय, हितंच."

दिपकनं बोकडाच्या गळ्यातली घंटा सोडून आपल्या गळ्यात अडकवली. कुणी सांगितलं नव्हतं. "तू दीक्षाला घेऊन घरी जा," तो म्हणाला. "तासाभरात येतो." आणि बोकडाची दोरी धरून टणटण करत निघाला.

चार वाजता त्याचा फोन आला. "प्रिया, ते 'हितंच' माढ्याच्या अंगाला आहे. पण माझं ऐकतात गं ही! मी थांब म्हणालो, थांबली! उद्या शाळेत रजा सांग. चार्जिंग संप..."

पाठोपाठ तिच्या सासूबाई मीनाबाईंचा. "दिपक का फोन उचलंना? कुटं गेलाय?"

"आई, ते मेंढरं घेऊन गेलेत."

मग मीनाबाई म्हणाल्या, "टोपी घातलीय का त्यानं?"

टोपी! टोपी पिशवीत होती, रुमालाशेजारी. त्या क्षणापासून धम्मप्रियाच्या पोटात चार मिनिटांऐवजी दोन दिवस बसलेत. दीक्षा घरातच आहे, पलंगाखाली जिलेबी खाते आहे, तिची काळजी नाही. पण तुमच्यापैकी कुणी माढ्याकडं निघालं असेल तर धम्मप्रियाचं एक काम करा. रस्त्याकडेला घंटेचा आवाज आला तर गाडी हळू करा. उंच आहेत, चष्मा आहे, निळा टीशर्ट, पाठीवर दुर्बीण. परत या म्हणून सांगू नका, ऐकणार नाहीत. फक्त जेवलेत का, आणि डोक्यावर काही आहे का, तेवढं बघा. आणि हॉर्न अजिबात वाजवू नका. मेंढरं तुमच्याच मागं लागतील.