थोरली, धाकटी आणि सासूबाईंची रजई

एकाहत्तर साली आमच्या घरात कोरडी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे यांची बढाई!

हे कपाटांच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळायचे, धाकटे भावजी तिथेच रंगारी आणि मी पॅकिंगला. रंग उडवायच्या बंदुकीला लागणारी हवा आधी वाळवावी लागते. नाहीतर रंगाखाली पाणी अडकून पत्र्यावर फोड उठतात. त्यासाठी यांच्या खोलीत ड्रायर होता. पांढऱ्या गोळ्यांनी भरलेल्या दोन उंच टाक्या. एकीतल्या गोळ्या हवेतलं पाणी प्यायच्या, तोवर दुसरीतल्या तापवून कोरड्या करायच्या. मग पाळी बदलायची. हे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे.

"एका घरातल्या जावाच! एक राबते तेव्हा दुसरी तापून बसते. पण माझ्या हवेत पाण्याचा थेंब सापडला ना, तर नोकरी सोडीन!"

हे रोज जेवताना. भावजी मान खाली घालून जेवत राहायचे.

त्या वर्षी थंडीतही आभाळ निवळलं नाही. भिंतींना ओल, गाद्यांना ओल. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या चादरी मी रोज धुवायची आणि त्या दोरीवर लोंबकळत राहायच्या, दुखवट्याला आलेल्या पाहुण्यांसारख्या. बोलत नाहीत, उठतही नाहीत!

"आण इकडे," एकदा हे म्हणाले. तापणाऱ्या टाकीतली हवा एका नळकांड्यातून बाहेर पडायची. आधी वाफ, मग कडकडीत कोरडी. तिच्यासमोर यांनी दोरी बांधली. चादरी पापडासारख्या वाळल्या! बातमी लपते कुठे? स्टोअरकीपरचे स्वेटर आले, पहारेकऱ्याच्या टोप्या आल्या. कॉम्प्रेसरच्या खोलीचा पार धोबीघाट झाला.

मग सासूबाईंची रजई भिजली. कापसाची, जाडजूड. ओली झाल्यावर मेलेल्या म्हशीएवढी जड!

"ही दोरीवर नाही हो वाळायची," मी म्हटलं.

"निम्मी हवा बाजूनं वायाच जाते," असं म्हणून यांनी रजई थेट नळकांड्यालाच गुंडाळली आणि वरून तारेनं आवळली.

दुपारपासून कपाटांच्या दारांवर फोड उठायला लागले.

"रंगारी, दारांना काय देवी आल्या का?" साहेब ओरडले.

"साहेब, हवेत पाणी आहे," भावजी म्हणाले.

"माझ्या हवेत?" हे गरजले. "बंदूक धरता येत नाही तुला! कुंचला घे आणि कुंपणं रंगवत बस!"

सख्ख्या भावाला, चारचौघांत! साहेबांना तेवढंच हवं होतं. म्हणाले, "उद्या हॉस्पिटलचं गिऱ्हाईक येतंय. त्याच्यासमोर एक दार रंगवायचं. फोड आला तर परवापासून घरी बसायचं."

घरी दोघे पाठीला पाठ लावून जेवले.

"भांडलात का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"मग मला एकाची पाठ का दिसतेय? आणि माझी रजई कुठाय? गारठले मी."

"वाळतेय," हे म्हणाले.

"अजून?" मी विचारलं.

"जाड आहे ती!"

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. किडकिडीत, गळ्याला मफलर. भावजींनी बंदूक चालवली. रंग कसा सायीसारखा बसला. आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या सायीवर फोड आले.

"झालं! निघा," साहेब म्हणाले.

एरवी फारसं तोंड न उघडणारे भावजी म्हणाले, "एकदा हवा बघा, साहेब. मग जातो."

"चला! बघाच!" म्हणत हे छाती काढून पुढे. मागून साहेब, गिऱ्हाईक, भावजी आणि मी. यांनी दार उघडलं. नळकांड्यावर रजई टम्म फुगून थरथरत होती, आणि शिट्टीसारखा बारीक सूर निघत होता.

"हे काय आहे?" म्हणत गिऱ्हाईक पुढे वाकलं.

तार तुटली! धाडकन रजई उडाली ती थेट गिऱ्हाइकावर! मागोमाग वाफेचा एवढा लोट उठला, की काही दिसेना. रजईखालून केविलवाणा आवाज आला, "मी... मी जिवंत आहे ना?"

त्याला बाहेर काढला. हे मात्र वाफेकडे बघत उभे होते. हळूच भावजींना म्हणाले, "थोरलीचं तोंडच बांधलं मी. पाणी बाहेर पडलंच नाही. तिची पाळी आली आणि सगळं तुझ्या बंदुकीत गेलं रे." मग साहेबांकडे वळले. "साहेब, मी बोललो होतो. सोडतो नोकरी."

साहेबांनी तोंड उघडलं. तेवढ्यात वाफ निवळली आणि त्यांच्या नाकासमोर दोरीवर त्यांचाच पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा दिसला. साहेबांनी तोंड मिटलं.

नोकरी कुणाचीच गेली नाही. ऑर्डर गेली. गिऱ्हाईक शिंकत गेलं ते परतलं नाही.

सासूबाई थंडी सरायच्या आत गेल्या. रजई तोवर वाळली नव्हती. पुढच्या वर्षी कारखान्याला टाळं लागलं. साहेब विमा विकत दारोदार फिरले. भावजींनी खरंच कुंपणं रंगवली, जन्मभर, आणि भावाला कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. थोरली-धाकटी भंगारात गेल्या, तेव्हा हे फाटकापर्यंत पोचवायला गेले होते. त्यानंतर जेवताना यांनी कसलीच बढाई मारली नाही. इतकी वर्षं मी ज्या बढाईला कंटाळले होते, तिचीच मग वाट बघत बसायची. आता हेही नाहीत.

त्या दिवशीचं फोड आलेलं दार लावलेलं कपाट आम्हाला फुकट मिळालं होतं. अजून वापरते. खालच्या कप्प्यात रजई आहे. दर उन्हाळ्यात कडक उन्हात टाकते.

खरं सांगते, अजून दमट लागते!