खानविलकरकाकांच्या चार राण्या

थोर सेनापती शत्रूचं मन ओळखूनच बळ लावतो. आमच्या नाहूरच्या सोसायटीत असे एकच सेनापती आहेत: शेजारचे खानविलकरकाका. विमा कंपनीतून निवृत्त, घरात एकटे, अंगात बनियन. रणांगण म्हणजे मोबाइलवरचा पोकर. डाव इतका चिल्लर, की हरलेल्या दिवशीही कटिंग परवडतो.

पण किती लावायचं, यावर काकांचा जीव! "अरे, पत्ते काय, कुणालाही येतात. मधे जमलेले पैसे म्हणजे पॉट. लावायचे त्याच्या दोन तृतीयांश. कमी लावलेस तर समोरचा स्वस्तात बघतो, जास्त लावलेस तर पळतो. आणि कोणी लावले तर आपण रेझ करायचं, म्हणजे वाढवायचं, तिप्पट! दुप्पट करतात ते भित्रे."

हे शास्त्र काका बाजारातही चालवतात. कोथिंबिरीचा भाव ऐकला की चेहरा दगडासारखा करून उभे राहतात. मनातलं कळू नये म्हणून. "काका, घ्या नायतर सोडा ना," भाजीवाली ओरडते, "मागे लाइन लागलीय!"

परवा दुपारी पेपर मागायला गेलो, तर काकांनी दंड धरून खाली बसवलं. "हलू नकोस!"

मोबाइलवर काकांच्या हातात दोन राण्या, टेबलावरच्या सगळ्यांच्या सामाईक पत्त्यांत आणखी दोन. चार राण्या! असा हात जन्मात एखाद्या वेळी येतो. समोर उरला होता एकच भिडू, 'घाटकोपर किंग' नावाचा. त्याच्याकडे जेमतेम दोन डावांपुरते पैसे. मी खुर्ची पुढे ओढली.

"काका, लावा! दोन तृतीयांश!"

"गप रे. संपेल तो."

"मग संपू द्या ना!"

"संपला की उठून जातो. मागच्या वेळी आठवडाभर फिरकला नाही."

काकांनी काहीच लावलं नाही. किंगने मात्र होते नव्हते तेवढे सगळे पैसे पुढे ढकलले.

"काका, आला जाळ्यात! दाबा!"

काकांनी दाबलं. चार राण्या टाकून दिल्या. मी कपाळावर हात मारला.

पॉट किंगकडे सरकला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या गप्पांच्या चौकटीत त्याची अक्षरं उमटली: 'वाचलो काका! जेवलात का?'

काकांनी चष्मा सारखा केला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'हो. आत्ताच.'

ओट्यावर तांदूळ अजून धुवायचे होते.