माशाची वेगळी खोली

डॉ. खातूंच्या दवाखान्यातल्या माशाला पुरळ आलंय, हे सगळ्यात आधी स्वप्नाच्या लक्षात आलं आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

तशी तिच्या नजरेतून सुटणारी गोष्ट रत्नागिरीत कमीच. तिची मनस्वी नऊ महिन्यांची होती, आणि मनस्वीच्या अंगावर डास बसायच्या आधीच तो कुठल्या खिडकीतून आला हे स्वप्नाला माहीत असायचं. त्या दिवशी ती मनस्वीला लस टोचायला घेऊन आली होती. मुलांच्या डॉक्टरकडे धडधाकट मूल घेऊन जाणं यासारखं धोक्याचं काम नाही, असं तिचं ठाम मत. म्हणून खोकणाऱ्या पोरांपासून लांब, कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीशेजारी ती अंग चोरून बसली. टाकी खाऱ्या पाण्याची, डॉक्टरांनी हौसेने ठेवलेली. आत प्रवाळाचे दोन-तीन तुकडे, एक कोळंबी आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, एक मोठा, एक लहान.

"तुळसाताई," तिने काउंटरवरच्या बाईंना हाक मारली, "ह्या माशाच्या अंगावर काय आहे हो?"

"पट्टे आहेत."

"पट्टे नव्हे. पट्ट्यांवर. मीठ भुरभुरल्यासारखं दिसतंय."

"खाऱ्या पाण्यातला आहे ना तो," तुळसा म्हणाली आणि तिने पुढचा नंबर पुकारला.

स्वप्नाने मोबाइल काढला. एम.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं असलं, तरी आई झाल्यापासून तिचं वाचन वैद्यकाचंच होतं. "परजीवी," ती पुटपुटली, आणि पुढचे दोन शब्द तिच्या तोंडून जरा मोठ्याने निघाले. "अत्यंत संसर्गजन्य!"

बघता बघता टाकीजवळच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. पोरांना काखोटीला मारून सगळ्या आया दाराशी गोळा झाल्या.

"डॉक्टरांच्याच माशाला झालंय, नि डॉक्टरांना पत्ता नाय?" एकजण म्हणाली. "मग आमच्या पोरांचं काय बघणार हे?"

गलका ऐकून डॉ. खातू बाहेर आले. शांत माणूस. ताप, खोकला, उलटी, काहीही असो, "काही नाही, व्हायरल आहे," एवढ्या एका वाक्यावर त्यांनी जिल्ह्यातली निम्मी पोरं वाढवली होती. ते टाकीपुढे वाकले. वर आले तेव्हा चेहरा पार उतरला होता.

"आई," ते स्वप्नाला म्हणाले, कारण त्यांच्या दवाखान्यात कुठल्याच बाईला दुसरं नाव नसे, "हा आजार माणसांना होत नाही."

"शंभर टक्के?"

डॉक्टर प्रामाणिक होते, हाच घोळ. "वैद्यकात शंभर टक्के काहीच नसतं," ते म्हणाले.

"मग त्याला वेगळं ठेवा ना! आम्हाला सांगता ना तुम्ही, आजारी मुलाला वेगळं ठेवा म्हणून? की माशाला वेगळा न्याय?"

डॉक्टरांनाही ते करायचंच होतं. औषध तांब्याचं. ते मोठ्या टाकीत घातलं तर कोळंबी मरते, प्रवाळ मरतं. म्हणजे दोन्ही मासे दुसऱ्या पाण्यात हलवायचे, आणि मासे नसलेली टाकी काही आठवडे तशीच ठेवायची, म्हणजे त्यातले किडे उपाशी मरतात. प्रश्न एवढाच, की हलवायचे कुठे? डॉक्टरांची खोली सोडली, तर दवाखान्यात दार बंद करता येईल अशी एकच खोली होती. बाजूने वेगळं दार, आत बेसिन, आत प्लग. गोवर, कांजिण्या, गालगुंड झालेल्या मुलांना बाहेरच्या मुलांत मिसळू न देता थेट तिथे नेत असत.

संध्याकाळपर्यंत त्या खोलीत निळा टब आला, हवेचा पंप आला, आणि दारावर कागद लागला: 'उपचार चालू. आत येऊ नये.'

घरी आल्यावर स्वप्नाने हे सगळं सासूबाईंना सांगितलं.

"अगो, माशाला स्वतंत्र खोली!" प्रेमलाताई म्हणाल्या. "आणि मी बाळंत झाले तेव्हा पडवीत निजलेली."

"आई, मनस्वीला आत्ता काही होऊन चालणार नाही."

ते खरंच होतं. बरीच वर्षं हुलकावणी देणारी नोकरी यावेळी तिला लागली होती. ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं, एक तारखेला हजर व्हायचं. हजर झाली नाही, तर यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावणार, असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं. नवरा विनीत मुंबईला. मनस्वीला प्रेमलाताई सांभाळणार होत्या. सगळं बसवलेलं होतं. फक्त कोणी आजारी पडायचं नव्हतं.

पण माशाला खरंच हलवलंय की नुसतं आपल्या तोंडावर सांगितलं, हे बघितल्याशिवाय स्वप्नाच्या जिवाला चैन पडेना. दोन दिवसांनी प्रेमलाताई बाजारात गेल्या असताना तिने रिक्षा केली. मनस्वीला कडेवर घेतलं. मनस्वीला काहीही झालेलं नव्हतं.

टाकीत मासे नव्हते. स्वप्नाला इतकं बरं वाटलं, की ती मुद्दाम तिथेच बसली. आता सगळ्या दवाखान्यात तीच जागा सुरक्षित होती.

थोड्या वेळाने यमुनाबाई नावाची एक म्हातारी आली. सोबत चार-पाच वर्षांची नात, डोक्यापासून पायापर्यंत शालीत गुंडाळलेली. दोघी स्वप्नाच्या शेजारी टेकल्या. मनस्वीने शाल ओढली. शालीतून हात आला, त्यात अर्धं चोखलेलं बिस्किट होतं. मनस्वीने ते घेतलं आणि स्वप्ना हात पुढे करेपर्यंत तोंडात घातलं.

"काय होतंय हिला, आजी?" स्वप्नाने बिस्किट काढून घेत विचारलं.

"काय नाय गो बाय," यमुनाबाई म्हणाल्या. "बाया आल्यात."

स्वप्नाचं माहेर देवरुखकडचं. बाया म्हणजे कांजिण्या, हे तिला कोणी सांगायला नको होतं. ती ताडकन उठली.

"अहो, मग इथे कशाला बसवलंत? त्यांना वेगळी खोली आहे!"

"गेलेलो ना तिथं. त्या बाईनं हाकललान. म्हणालीन, आत मासा आजारी हाय."

स्वप्ना काउंटरवर धडकली. तुळसा मान वर न करता म्हणाली, "माझ्यावर काय ओरडताय मनस्वीची आई? वेगळा ठेवा, वेगळा ठेवा म्हणून तुम्हीच बोंब मारलीत. आता ठेवलाय वेगळा."

डॉक्टरांनी यमुनाबाईंच्या नातीला आधी आत घेतलं, मग स्वप्नाला. कांजिण्यांच्या लसीला मनस्वी अजून लहान होती. "आता जे व्हायचं ते होऊन गेलं, आई," ते म्हणाले. "दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा." स्वप्नाला लक्ष ठेवायला सांगणं म्हणजे समुद्राला ओला राहा म्हणण्यासारखं होतं.

घरी चौकशी सुरू झाली. स्वप्नाने आईला फोन लावला. "मला कांजिण्या येऊन गेल्यात ना गं?"

"तुला आलेल्या. नायतर दादाला. एकाला आलेल्या एवढं नक्की, कारण तेव्हा मे महिन्यात कोणी आंबा खाल्ला नव्हता."

शेवटी कपाळावरच्या जुन्या खड्ड्याने तिच्या बाजूने साक्ष दिली. विनीतला आलेल्या नव्हत्या, तेव्हा त्याने मुंबईलाच राहायचं ठरलं. प्रेमलाताईंनाही आलेल्या नव्हत्या. पहिला फोड दिसला त्या दिवशी स्वप्नाने त्यांना सावर्ड्याला बहिणीकडे पाठवलं. जाताना त्या बजावून गेल्या, "फोडणी द्यायची नाय, मासळी आणायची नाय, आणि उशाला कडुनिंब ठेव. हसू नको. ठेव."

पुढच्या आठवड्याबद्दल विनोदी काही सांगण्यासारखं नाही. मनस्वीच्या पापणीवरही फोड आला. खाजवू नये म्हणून हातांना मोजे बांधले, तर ती मोजे बघून रडे. स्वप्ना घरात एकटी होती आणि तिला रडायला वेळ नव्हता. ती रोज डॉक्टरांना फोन करायची. दवाखान्यात त्या दिवशी बसलेली जवळजवळ सगळी पोरं कांजिण्यांनी अंथरुणाला खिळली होती, बाकीच्या आया भीतीने तिकडे फिरकत नव्हत्या, आणि डॉक्टरांचा आवाज खोल गेला होता.

"मनस्वी खाते का, आई?"

"नाही हो. तोंडच उघडत नाही."

"हं," डॉक्टर म्हणाले. मग हळूच, "तोही नाही खात."

तो म्हणजे आजारी मासा, हे तिला विचारावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं, "लहान होता तो गेला, आई." स्वप्नाने मनस्वीला उचलून जवळ घेतलं.

तीस तारखेला सकाळी तिने प्राचार्यांना फोन करून एक तारखेला येता येणार नाही म्हणून सांगितलं.

"नियम आहे मॅडम," ते म्हणाले. "पुढच्यांना कळवावं लागेल मला." आणि फोन ठेवला.

दुपारी मनस्वीने पेजेचे चार चमचे खाल्ले. डॉक्टरांना कळवलं, तर ते जवळजवळ ओरडलेच, "यानेही खाल्लं! आत्ता, माझ्यासमोर!" नोकरी गेलेली बाई आणि दवाखाना ओस पडलेला डॉक्टर फोनवर थोडा वेळ आनंदात होते.

संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. प्राचार्य.

"मॅडम, मुलगी कशी आहे?"

"खपल्या धरल्यात, सर."

"मग सावकाश या. खपल्या पडल्या की या."

"पण पुढच्या मॅडम?"

"त्यांच्या मुलाला कांजिण्या. त्यांच्यानंतरच्या मॅडमच्या जुळ्यांना कांजिण्या. अख्ख्या यादीचा डॉक्टर एकच निघाला हो!" प्राचार्य उसासले. "तिथं म्हणे कोणीतरी बाई हट्टाला पेटली, माशाला वेगळी खोली द्या म्हणून. आणि आजारी पोरं बाहेर! काय एकेक माणसं असतात."

"हो ना, सर," स्वप्ना म्हणाली.

"बरं, एवढं करून तो मासा तरी वाचला का?"

"एक गेला, सर. पण मोठा आज दुपारी जेवला," स्वप्ना म्हणाली, आणि मग घाईघाईने, "म्हणजे... असं ऐकलंय."