धुणं आणि दोनची बस

जयमालाबाई बाथरूममधून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर हॉटेलचा निळा युकाता होता आणि हातात पिळलेल्या कपड्यांचा ढीग. खोलीत घालायला ठेवलेला तसलाच ढगळ अंगरखा घालून रविकांतराव पलंगावर बसले होते. त्यांनी ढीग ओळखला.

"अगं, ती माझी पँट ना?"

"धुतली."

"आणि शर्ट?"

"सगळंच धुतलं. मुंबईपासूनचे पारोसे कपडे अंघोळीनंतर पुन्हा अंगावर चढवायचे की काय?"

"सगळं म्हणजे... आतलंसुद्धा?"

"सगळं म्हणजे सगळं. वाळेल की, दोन वाजेपर्यंत वेळ आहे."

सकाळचे नऊ वाजले होते. सातला त्यांचं विमान जपानमध्ये, नारिताला उतरलं होतं आणि पुढचं, सॅन फ्रान्सिस्कोचं, संध्याकाळी पाचला होतं. मधल्या वेळापुरतं विमान कंपनीने हॉटेल दिलं होतं, पण मोठ्या बॅगा परस्पर पुढे जाणार होत्या. हातातल्या बॅगेत एकेक जोड ठेव, असं रविकांतरावांनी पुण्यात तीनदा बजावलं होतं. जयमालाबाईंनी ठेवलाही होता, पण निघताना तो काढून त्या जागी डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतशेपा भरली.

लेक पहिलटकरीण होती. त्यांचं विमान तिकडे उतरल्यावर चार तासांनी नुपूरचं सिझेरियन होतं. "मला आत नेण्याआधी तू दिसायला हवीस, आई," असं ती फोनवर रडत म्हणाली होती. हे विमान चुकलं तर पुढचं दुसऱ्या दिवशी. मुंबईला जायचं तरी दोन तास आधी स्टेशन गाठणाऱ्या रविकांतरावांचा जीव त्यामुळे सकाळपासूनच टांगणीला लागला होता.

खोलीची खिडकी उघडत नव्हती. पडद्याच्या दांडीला साडीचं एक टोक बांधलं आणि दुसरं रविकांतरावांच्या हाती दिलं. शर्टाची एक बाही वाळेपर्यंत केस वाळवायचं यंत्र तापून बंद पडलं. बारा वाजता कपडे ओले होते, एक वाजता गार आणि ओले होते.

"मजल्यावर मशीन आहे, मी पाहिलंय," रविकांतराव म्हणाले आणि ढीग उचलून निघाले. मशीनवर चौदा बटणं होती आणि सगळी जपानीत. सगळ्यात मोठं बटण वाळवायचंच असणार, असा तर्क करून त्यांनी ते दाबलं. दाराने खट् केलं, आकडा आला एकशे ऐंशी, आणि आत पाणी भरायला लागलं.

"अहो, वाळवण्यात पाणी कशाला?"

"येईल आणि जाईल."

पाणी आलं ते राहिलं, वर फेसही झाला. रविकांतरावांनी उरलेली तेरा बटणं दाबून पाहिली, तेवढ्यात एकशे ऐंशीचं एकशे एकोणऐंशी झालं. दार हलेना. खाली जाऊन कोणाला बोलवावं, तर लिफ्टशेजारी युकाता घातलेल्या माणसाचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली मारली होती. हा पोशाख लॉबीत चालत नाही, हे कुणालाही कळलं असतं. शेवटी खोलीतून फोन केला आणि रिसेप्शनवरच्या ओगावा-सान वर आल्या.

त्यांनी मशीन पाहिलं, कमरेत वाकल्या आणि सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "फार दिलगीर आहे. हे मशीन आधी धुतं, मग वाळवतं. दार चार वाजता उघडेल."

"पण आमची बस दोनला आहे!"

"हो, दोनला आहे," ओगावा-सान आणखी दुःखाने म्हणाल्या. "आणि विमानतळावरचा काउंटर चारला बंद होतो."

"मधेच थांबवा ना."

"मेकॅनिक कोबेला गेलेत."

जयमालाबाई मशीनशेजारच्या खुर्चीत मटकन बसल्या. "माझंच चुकलं हो. बाळाला पहिल्यांदा हातात घ्यायचं, ते पारोशाने नको, एवढंच मनात होतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रविकांतरावांनी त्यांना हात देऊन उठवलं. विमानतळावर कपड्यांचं दुकान होतं, मशीनमधले कपडे अमेरिकेला पाठवायचं ओगावा-साननी कबूल केलं, आणि युकाते हॉटेलची भेट समजा म्हणाल्या. राहिली होती ती फक्त लॉबी, बस आणि विमानतळ. सोसायटीच्या फाटकापर्यंतही लेंग्यावर न जाणाऱ्या रविकांतरावांनी कमरेच्या पट्ट्याला तीन गाठी मारल्या, बूट चढवले आणि म्हणाले, "चल. नुपूर वाट बघतेय."

दोघं मान खाली घालून बसमध्ये चढली. सकाळी नाश्त्याला भेटलेली पुण्याची कश्मिरा पुढेच बसली होती.

"अय्या, काका-काकू, काय भारी दिसताय! कुठे घेतलेत हे? थांबा, फोटो काढते. काकू, फोन द्या तुमचा."

नको नको म्हणेपर्यंत फोटो निघाला. सवयीने रविकांतरावांनी पोटही आत घेतलं.

"छान आलाय. फॅमिली ग्रुपवर टाकला हं, काकू!"

मिनिटभरात फोन वाजला. तिकडे रात्रीचे दहा वाजले होते.

"आई!" नुपूरचा आवाज कापत होता. "मला इथे भीतीने झोप नाहीये, आणि तुम्ही किमोनो घालून जपान फिरताय?"

रविकांतरावांनी फोन घेतला. "अगं बाळा, फिरतोय कसले? आमचे कपडे—"

"हळू बोला," जयमालाबाई कुजबुजल्या. "माणसं आहेत."

रविकांतरावांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. पलीकडून काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. नुपूर हसत होती, श्वास लागेपर्यंत हसत होती.

"बाबा... बाबा, ते पाणी भरायला लागलं तिथपासून परत सांगा ना."

बरोबर दोनला बस सुटली. रविकांतरावांनी पुन्हा सुरुवात केली. बारा-पंधरा माना वळल्या, कश्मिरा शेजारच्या जर्मन बाईला इंग्रजीत समजावू लागली, आणि फोनमधून हसू येतच होतं. जयमालाबाई ते कान देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"अहो, जरा मोठ्याने सांगा. तिला नीट ऐकू जायला हवं."