टॅप डान्सला बैलाची पत्री

"विशाखाताई, ते टॅप डान्स म्हंजे नेमकं काय असतंय ओ?"

भाजीवालीपासून शाळेच्या हेडबाईंपर्यंत सगळ्यांचा हा प्रश्न विचारून झाला होता, आणि विशाखाताईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं, "रविवारी पाचला या, दिसंल." खरं सांगायचं तर त्यांनाही धड माहीत नव्हतं. पण लातूरच्या माणसाला एखादी गोष्ट समजावून सांगितली की तो 'बरं बरं' म्हणून घरी जातो आणि नाही सांगितली की तिकीट काढतो, हे त्या बावीस वर्षांच्या मास्तरकीत शिकल्या होत्या.

भूकंपाला सव्वादोन वर्षं झाली होती. गावात शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. ज्याच्याकडे चार पत्रे आणि एक फळा, तो क्लास काढून मोकळा. खेड्यापाड्यांतून पोरी बारावीला लातुरात येत, एकेका खोलीत सहा-सहाजणी राहत, आणि वाचायला बसायचं म्हटलं तर पाय पसरायलाही जागा नसे. इकडे महिला मंडळाचं सभागृह रिकामं पडलं होतं. ऐसपैस, हवेशीर, खाली शहाबादी फरशी. तिथे पोरींची अभ्यासिका काढायची, असं मंडळाच्या सेक्रेटरी या नात्याने विशाखाताईंनी ठरवलं होतं. परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती.

सभागृहात एकच खोट होती. त्याला वर स्लॅब होता. भूकंपानंतर लातुरात माणसं पत्र्याखाली झोपत, पत्र्याखाली शिकत आणि पत्र्याखालीच लग्नं लावत. स्लॅब म्हटलं की अंगावर काटा येई. इंजिनियरने दोनदा तपासून 'इमारत ठणठणीत आहे' असं लिहून दिलं, विशाखाताईंनी तो कागद दारावर डकवला. मुलीच्या बारावीसाठी मुरुडहून येऊन खोली करून राहिलेल्या नीलाबाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "हे सायब सोता आत किती येळ बसले व्हते?"

बाकांची आणि ट्यूबलाइटची वर्गणी एकवेळ गोळा होईल, पण आयांच्या मनातला स्लॅब कोण उतरवणार? तेव्हा विशाखाताईंनी एका दगडात दोन पक्षी मारायचे ठरवले. मदतनिधीचा कार्यक्रम करायचा आणि तो सभागृहातच करायचा. लोक दोन तास आत बसले, काही झालं नाही, तर भीती जाईल. पण लोक आत येतील असा कार्यक्रम कुठून आणायचा? व्याख्यानाला कुणी येत नाही, भजन तर बाहेरूनही ऐकू येतं.

नेमका तेव्हाच त्यांचा भाचा मिहिर सुटीवर आला. हा दोन वर्षं प्रवासी जहाजावर नोकरी करून आलेला, आणि तिथल्या एका वाजंत्र्याकडून टॅप डान्स शिकलेला. बुटाच्या तळव्याला लोखंड ठोकायचं आणि बँडबरोबर पावलांनी ताल वाजवायचा. "मावशी, शेवटी सगळ्यांनी मिळून नाचायचं असतं," तो म्हणाला. "येईल त्याने यावं, जमेल तसं वाजवावं. त्यातच खरी गंमत."

"माणसं नाचतील?"

"बूट दिले तर नाचतील."

आता असे बूट लातुरात कुठे मिळायचे! मिहिर तीन चपलांची दुकानं पालथी घालून हात हलवत आला. मग विशाखाताईंना तय्यबभाई आठवले. तय्यबभाई नालबंद. बाजाराच्या दिवशी बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री मारायची, हा त्यांचा बापजाद्यांपासूनचा धंदा. त्यांची अफसाना विशाखाताईंच्याच वर्गात पहिली यायची, यंदा ती बारावीला होती, आणि बापाच्या घणाच्या आवाजात रसायनशास्त्र पाठ करत होती.

तय्यबभाईंनी मिहिरचा बूट हातात घेतला, उलटा केला, वाकवला, वास घेतला. "बैलाला आठ पत्र्या लागत्यात. माणसाला चार बास झाल्या. पर ताई, बैलाला आदी दोरी लावून आडवं पाडावं लागतंय. ह्यास्नी बी पाडू का?"

"अहो, बूट पायातून काढून देतील ते!"

"हाव? मग सोपं हाय." तय्यबभाईंना बरं वाटलं. "बैल काढून देत न्हाई."

आणि पैशाची गोष्ट निघताच ते चिडलेच. "पोरीच्या अब्यासाचं काम हाय. पैशे घेतले तर अल्ला काय म्हनंल?" शुक्रवारपर्यंत साठ जोड तयार झाले. वकील, कारकून, क्लासचे तीन सर, नीलाबाईंच्या घरमालकाचे लग्नातले बूट, सगळ्यांना अस्सल बैलाची पत्री बसली. ज्याने त्याने घरी नेऊन ओट्यावर दोन पावलं वाजवून पाहिली आणि शेजाऱ्यांना उगाचच बोलावून दाखवली.

राजी व्हायचे राहिले होते ते विशाखाताईंचे सासरे, हणमंतराव. शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. किल्लारीकडच्या एका गावात त्यांची थोरली बहीण होती. भूकंपाच्या सकाळी ते तिकडे पोचले तेव्हा घर नव्हतं आणि बहीणही नव्हती. तेव्हापासून ते स्लॅबखाली गेले नव्हते. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये खाट टाकून पडत, आणि उशाशी उतरंड रचत: तांब्या, त्यावर उलटा पेला, पेल्यावर पितळी वाटी. जमीन हलली की वाटी पडणार, हे उठणार, शिट्टी वाजवून गल्ली जागी करणार. गल्लीत घरोघर असली उतरंड असायची, पण हणमंतरावांची सगळ्यांत भरवशाची. मांजर गेलं तरी ते उठून बसत. सव्वादोन वर्षांत त्या माणसाने सलग दोन तास झोप घेतली नव्हती. "अण्णा, घरात या हो, अंग टाका," म्हणून विशाखाताईंचं तोंड दुखलं होतं.

"अडीचशे माणसं स्लॅबखाली घालून राहिलीस तू," हणमंतराव कडाडले. "मी दारात बसणार. उतरंड घेऊन."

"बसा की. पण खिडकीत ठेवा, पायात येईल."

"खिडकीत? धक्का जमिनीतून येतो, विशाखा. उतरंड जमिनीवरच राहील."

आता बघा, राज्यात बोर्डात येणाऱ्या पोरांचं हे गाव. गल्लीगल्लीत भौतिकशास्त्राचे सर. पण साठ जोड लोखंडी बूट ज्या फरशीवर वाजणार त्याच फरशीवर उतरंड ठेवली तर काय होईल, हा एका गुणाचा प्रश्न कुणाला पडू नये? उलट 'हणमंतराव दारात आहेत' असं कळल्यावर राहिलेली तिकिटं दुपारपर्यंत संपली. दाराजवळच्या खुर्च्यांचं तिकीट जास्त होतं, त्याच आधी गेल्या.

रविवारी पाचला सभागृह भरलं. उदगीरहून गुरुपादप्पा आपला लग्नाचा बँड घेऊन आले होते. त्यांनी मिहिरला बाजूला घेतलं. "अय्यो तम्मा, वरात कुठून कुठं जायची ते आदी सांगा री."

"वरात नाही. इथेच उभं राहून वाजवायचं."

"चालायचंच नाही?" गुरुपादप्पांना तीस वर्षांत असं कुणी सांगितलं नव्हतं. "बघतो री. पाय ऐकले तर ठीक."

मिहिर एकटा नाचला तेव्हा सभागृह थक्क झालं. टक टक टटक टक! क्लॅरिनेटने सूर धरला, पायांनी त्याला उत्तर दिलं. खुर्चीवरची माणसं मानेच्या शिरा ताणून फक्त त्याच्या तळव्यांकडे बघत होती. "आरं, पायानं बोलून राहिला की त्यो," कुणीतरी म्हणालं. तय्यबभाई तर उभेच राहिले, कारण आपल्या पत्रीचा असा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. बैल कधी तालात चालला नव्हता.

मग मिहिरने हात वर केला. "आता सगळे! या!"

आधी कुणी उठेना. मग एक वकील उठले. मग क्लासचे तिन्ही सर एकदम उठले, कारण एकटा उठला तर दुसऱ्याची पोरं हसली असती. आणि मग जी झुंबड उडाली! साठ माणसं, एकशेवीस पाय, दोनशे चाळीस पत्र्या. गुरुपादप्पांनी डोळे मिटून वरातीतली सगळ्यांत जलद चाल लावली. ताल कुणाचा कुणाला मिळत नव्हता, पण जोर सगळ्यांचा मिळून एक झाला होता. फरशी थरथरायला लागली.

दारात तांब्या आधी जरा सरकला. मग पेला कुरकुरला. मग पितळी वाटी ठण्णदिशी उंबऱ्यावर पडली आणि गोल गोल फिरत राहिली.

हणमंतरावांनी शिट्टी फुंकली.

त्या शिट्टीचं वर्णन काय करायचं? लातुरात ती शिट्टी ऐकून माणूस विचार करत नाही, पळतो. अर्ध्या मिनिटात सभागृह रिकामं. पण पत्री मारलेले बूट फरशीवर ठरेनात. वकील दारापर्यंत बसूनच घसरत गेले, सर सरांवर पडले, आणि गुरुपादप्पांचा बँड वाजवता वाजवताच पळाला, कारण चालत वाजवायची त्यांना सवय होती. रस्त्यावर साठ जणांचं लोखंड डांबरावर असं वाजलं की पलीकडच्या पत्र्याच्या क्लासमधली तीनशे पोरं घोडदळ आलं असं वाटून बाहेर आली आणि 'काय झालं, काय झालं' करत तीही समोरच्या मैदानाकडे पळाली.

मैदानात सगळे धापा टाकत उभे राहिले. आत कुणी जाईना. दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा असतो, हे लहान लेकरालाही पाठ होतं. अर्धा तास थांबायचं म्हणजे थांबायचं.

मिहिर डोकं धरून बसला होता. "मावशी, भूकंप नव्हता तो. आम्हीच होतो."

"आता सांगून काय उपयोग?" विशाखाताई म्हणाल्या. तिकिटं खपली होती, बाकं येतील, ट्यूबलाइटही येतील, पण आता या स्लॅबखाली कोण आई आपली पोर पाठवणार? नीलाबाई तर तोंडावर म्हणाल्याच, "सांगत व्हते न मी तुमाला? कागद डकवून भूकंप थांबतोय व्हय?"

एवढ्यात तय्यबभाई गर्दीतून वाट काढत आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, अफसाना दिसना. तुमच्याकडं हाय का?"

विशाखाताईंनी इकडेतिकडे पाहिलं. अफसाना नव्हती. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की शिट्टीही थांबली होती आणि शिट्टीवालाही कुठे दिसत नव्हता. "अण्णा? आमचे अण्णा कुणी बघितले का हो?"

कुणीतरी चाचरत सांगितलं, "आण्णा? त्यांनी दारात मान्सं मोजली, तोंडातली शिट्टी काढली अन् आत पळाले. मला वाटलं, चप्पल घ्यायला गेले."

आत! हणमंतराव आत! तय्यबभाई आणि विशाखाताई दोघेही सभागृहाकडे धावले, आणि त्यांच्या मागोमाग, पण चार पावलं अंतर राखून, सगळं मैदान.

ते दारापर्यंत पोचतात तोच अफसाना बाहेर आली. हातात पुस्तक, बोट पानात, कपाळाला आठ्या.

"बेटा!" तय्यबभाईंनी तिला धरलं. "पळाली का न्हाईस?"

"अब्बा, भूकंप न्हवता त्यो. छताला लोंबणारा बल्ब हाय न, त्यो जरा बी हलला न्हाई. खरा धक्का असता तर आदी बल्ब झुलला असता." मग ती विशाखाताईंकडे वळली. "समदे गेले म्हणून मी मागं बसून समीकरणं सोडवत व्हते. लई शांत वाटलं. तितक्यात अण्णा आले, माझा हात धरून वढायला लागले. मी म्हणलं, अण्णा, बल्ब बघत बसा. हलला की लगेच जाऊ आपण. तर बसले."

"मग?"

"मग काय? बघता बघता झोपले." अफसानाचा आवाज रडवेला झाला. "अन् आता लई घोरून राहिलेत. उठवा न त्यांना, ताई. दोन समीकरणं राहिलीत माझी."

विशाखाताईंनी दारातून डोकावलं. भिंतीला टेकून, पाय पसरून, तोंड उघडं टाकून हणमंतराव झोपले होते. सव्वादोन वर्षांनी, स्लॅबखाली. विशाखाताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"उठवायचं नाही कुणी," त्या हळूच पण अशा काही म्हणाल्या की क्लासचे सरही दचकले. "आणि ते बूट काढा आधी सगळ्यांनी."

दोनशे चाळीस पत्र्या उंबऱ्याबाहेर निघाल्या, एकही न वाजवता. पण बघायचं तर सगळ्यांनाच होतं. हणमंतराव झोपतात कसे, हे लातुरात कुणी पाहिलंच नव्हतं. आधी वकील अनवाणी आत गेले, मग सर, मग नीलाबाई पदराने तोंड झाकून, मग त्यांच्या मागच्या आया. "खरंच झोपले की ओ," अशी कुजबुज झाली. मागच्यांना दिसेना म्हणून पुढचे आणखी आत सरकले. गुरुपादप्पांनी क्लॅरिनेट काखेत धरून विचारलं, "आता काय वाजवू री?" तेव्हा दहाजणांनी एकदम तोंडावर बोट ठेवलं.

विशाखाताईंनी सहज मागे वळून पाहिलं. दारात कुणीच उरलं नव्हतं. अख्खं मैदान स्लॅबखाली उभं होतं आणि वर कुणीही बघत नव्हतं.

अफसाना पुस्तक छातीशी धरून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. नीलाबाईंनी तिच्याकडे बघितलं, भिंतीवर हात फिरवून पाहिला आणि विशाखाताईंच्या कानाशी येऊन त्या पुटपुटल्या, "ताई, ह्यो कोपरा गार हाय. उद्यापासून माझ्या पोरीला हितंच बसवा, दुसऱ्या कुणाला देऊ नगा."