निमकर काकांची सायकल-वही

आमच्या इमारतीत सायकल बाहेर काढायची तर दोन सह्या लागतात. एक जाताना, एक परत आल्यावर. झूटरमेर या डच शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही इमारतीत असला नियम नाही. खरं तर आमच्याकडेही नाही. आमच्याकडे निमकर काका आहेत.

काका ब्याऐंशी वर्षांचे. तळमजल्यावर मागच्या बाजूला लेकीकडे, सुनीताताईकडे राहतात. त्यांच्या दाराशेजारीच सायकलींची खोली. सकाळी साडेसातला इस्त्रीचा शर्ट आणि वर कानटोपी अशा वेषात काका तिथे हजर. भिंतीवर वही टांगलेली, तिच्यात दोन रकाने: 'गेले' आणि 'आले'. तुम्ही कुलूप काढेपर्यंत ते सायकलीभोवती डावीकडून एक फेरी मारतात, टायर दाबतात, ब्रेक ओढतात, घंटी वाजवतात आणि गंभीरपणे सांगतात, "सर्व्हिसेबल. कर सही." अहो काका, स्टेशन दहा मिनिटांवर आहे, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून फेरी मारली.

गंमत म्हणजे डच शेजाऱ्यांनी हे सगळं निमूटपणे पाळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या हेंकना तर सहा महिने वाटत होतं की हा खेमेन्तेचा नवा नियम आहे. खेमेन्ते म्हणजे इथली नगरपालिका, आणि तिच्याकडून कसलाही नियम येऊ शकतो यावर इथल्या माणसाची श्रद्धा आहे. खरं कळल्यावर हेंक पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवसापासून सहीपुढे वेळही घालायला लागले.

मला नसत्या चौकशांची खोड. सह्यांचं हे खूळ आलं कुठून, म्हणून मी काकांच्या मागे लागले, आणि मिस्तेरमध्ये अडकले.

मिस्तेर हे फ्रेंच लढाऊ विमान. काका वायुदलात त्याचे मेकॅनिक होते. "महायुद्धात फ्रान्सचे कारखाने पार बसले होते," ते सांगू लागत, "पण गडी उठले! आधी सरळ पंखांचं एक विमान काढलं. ते आपल्याकडेही आलं, आपण त्याला म्हणायचो तुफानी. मग पंख मागे वळवले, पातळ केले. पहिल्या खेपेला समाधान नाही, दुसऱ्या नाही, तिसऱ्या नाही. चौथ्याला जमलं. ते आपण घेतलं." नाकाच्या जागी आ वासलेलं वाटोळं तोंड, पोटात एकच इंजिन. पासष्टच्या लढाईत समोर पाकिस्तानची आवाजाच्या दुप्पट वेगाची अमेरिकन विमानं, आणि आपलं हे सरळ उडताना आवाजाच्याही मागे. "तरी रणगाड्यांवर गेलं, आगगाड्यांवर गेलं, थेट त्यांच्या विमानतळावर गेलं," असं म्हणताना काकांची छाती शर्टाची बटणं ताणते.

इंग्रजी सोडली तर काकांना युरोपातली एकच भाषा येते, तीही विमानाच्या अंगावरून वाचलेली. पंखावर जिथे पाय द्यायचा नाही तिथे फ्रेंचमध्ये लिहिलेलं असे, 'नं पा मार्शे'. मुलांनी सायकलच्या मडगार्डवर पाय ठेवला की काका तेच ओरडतात. एकदा सुनीताताईने त्यांना पॅरिसला नेलं. तिथे अख्ख्या तीन दिवसांत त्यांना हे वाक्य वापरायची एकही संधी मिळाली नाही, याचं त्यांना आजही वाईट वाटतं.

त्यांच्याकडे कॅनव्हासची एक गुंडाळी आहे. तिच्यात अकरा खिसे, नट आवळायचे अकरा पाने. "इंग्रजी विमानांचे पाने इंचांत, मिस्तेरचे मिलिमीटरमध्ये. निवृत्त झाल्यावर मी मिस्तेरसारखाच संच विकत घेतला. इथल्या सायकलींना अगदी बरोबर बसतो!" काम झालं की ते पाने मोजतात. विमानात पाना विसरला तर माणूस जातो, म्हणून मोजायचे, हे मला पटलं. पण काम नसलं तरी ते रोज संध्याकाळी मोजत.

आणि एक प्रश्न केला की काका कानटोपी नीट करू लागत. "तुमची सगळी विमानं परत आली का हो काका?"

बुधवारी ते स्वतः तीनचाकी सायकलवरून वाचनालयात जातात. त्यांची सही मात्र वहीत नसते. विचारलं तर म्हणाले, "ग्राउंड क्रूची सही घेतंय कोण?"

ऑक्टोबरात एका दुपारी जोराचं वादळ आलं. मी सायकल स्टेशनवरच ठेवली. ऑफिसातल्या मैत्रिणीने मला गाडीने पुढच्या दाराशी सोडलं, मी लिफ्टने वर गेले, चहा घेतला, पाय वर करून बसले. सायकलींची खोली इमारतीच्या मागे, तिची आठवणही झाली नाही. दोन तासांनी सुनीताताई दारात. "वैशाली, जरा खाली ये गं. तुझी सही नाही म्हणून बाबा आत यायला तयार नाहीत."

मी धावतच गेले. काका खोलीच्या दारात उभे, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, वही छातीशी.

"अहो काका, मी कधीच आलेय!"

"मग सांगायचं नाही?" ते ओरडले. माझ्यावर ते पहिल्यांदाच ओरडले. मग एकदम खाली स्टुलावर बसले.

"पायलट माझ्याच वयाचा होता," ते म्हणाले. "पट्टे मी बांधायचो. विमान ठीक आहे म्हणून माझी सही, ताब्यात घेतलं म्हणून त्याची. परत आला की पुन्हा सही करायचा आणि खिशातून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवायचा. बोलायचा नाही फारसं. त्या सकाळी बाकीची विमानं उतरली. मी चाकांपुढे लावायचे ठोकळे हातात घेऊन उभा. दुपार झाली, संध्याकाळ झाली. कोणीतरी म्हणालं, जा, जेवून घे. मी गुंडाळी उघडून पाने मोजले. अकरा. पुन्हा मोजले. अकराच होते गं."

"म्हणजे तुमची चूक नव्हतीच, काका."

"नव्हती बहुतेक. विमान कशाने पडलं ते मला कोणी सांगितलं नाही. कोण सांगणार?" त्यांनी वही पुढे केली. "कर सही."

मी केली. इतके दिवस या वहीला हसत होते, याची मला लाज वाटली.

पुढच्या बुधवारी मी घरूनच काम करायचं ठरवलं आणि खाली गेले. काका तीनचाकी बाहेर काढत होते. मी डावीकडून फेरी मारली, तिन्ही टायर दाबले, घंटी वाजवली. "सर्व्हिसेबल. करा सही."

काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, चष्मा शोधला आणि 'गेले'खाली सही केली.

मग मी लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांच्या स्टुलावर बसले. हेंकनी विचारलं, काय चाललंय? म्हटलं, वाट बघतेय. त्यांनी मान डोलावली आणि वरून मला कॉफी आणून दिली.

पाऊण वाजता काका कोपऱ्यावरून वळले. मला पाहून त्यांनी पॅडल मारायचं थांबवलं. तीनचाकी आपल्या गतीने हळूहळू दाराशी आली. मी कुंडीखालच्या दोन विटा काढून ठेवल्या होत्या, त्या चाकांपुढे लावल्या.

"मागूनही लावायच्या असतात," काका म्हणाले.

"पुढच्या बुधवारी चार आणते."

त्यांनी 'आले'खाली सही केली, हुद्द्यासकट, सावकाश. पेन परत दिलं. मग कोटाच्या खिशात बराच वेळ चाचपून एक पेपरमिंटची गोळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.